मृत्यूच्या नोंदी, वाराणसी जिल्ह्यातील

वाराणसी शहर व जिल्ह्यात झालेल्या मृत्यूंचे दाखले, निधनवृत्ते आणि त्यांना पूरक असे जुने कागद. काशीत आयुष्य एका गावी, मृत्यू दुसरीकडे आणि दहन तिसऱ्याच ठिकाणी, असे नेहमी घडते. मणिकर्णिका आणि हरिश्चंद्र घाटांवर जौनपूर, गाझीपूर, चंदौली, थेट बिहारपासून प्रेते आणली जातात. उलट, काशीवासासाठी आलेली महाराष्ट्रातील कितीतरी वृद्ध माणसे पिढ्यान्‌पिढ्या इथेच देह ठेवत आली. त्यामुळे ‘अंत्यसंस्कार काशीत झाला’ एवढ्या माहितीवर शोध सुरू केला तर तो बहुधा चुकीच्या दारी जाऊन थांबतो. आधी ठरवायचे ते हे, की प्राण कोणत्या हद्दीत गेला.

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम 1969 प्रमाणे नोंद मृत्यूच्या जागी होते; मृताचा कायमचा पत्ता किंवा दहनाची जागा पाहिली जात नाही. साताऱ्याच्या आजी दशाश्वमेधाजवळच्या धर्मशाळेत वारल्या, तर त्यांची नोंद वाराणसी नगर निगमाकडे, साताऱ्याच्या नगरपालिकेत नव्हे. घरी मृत्यू झाल्यास कळवण्याची जबाबदारी कुटुंबप्रमुखाची, रुग्णालयात झाल्यास तेथील प्रमुख वैद्यकीय अधिकाऱ्याची. धर्मशाळा, वसतिगृह, लॉज अशा ठिकाणी ती तिथल्या व्यवस्थापकावर येते. स्मशानाच्या व्यवस्थापकावरही कायद्याने कळवण्याचे कर्तव्य टाकले आहे. तरी घाटावर मिळालेली दहनाची पावती म्हणजे मृत्यूचा दाखला नव्हे. तिचा उपयोग पुराव्यापुरता. परगावची कुटुंबे तेवढीच पावती जपून ठेवतात आणि वारसनोंदीच्या किंवा पेन्शनच्या वेळी अडतात.

नगर निगमाचे मुख्य कार्यालय सिग्रा भागात आहे. छावणीची हद्द वेगळी असून तेथील नोंदी छावणी परिषदेकडे असतात. गावांतील नोंदी ग्राम पंचायत अधिकारी किंवा ग्राम विकास अधिकारी ठेवतो. लोक त्याला ‘सचिव’ किंवा ‘सेक्रेटरी’ म्हणतात. आराजी लाइन, बडागाव, चिरईगाव, चोलापूर, हरहुआ, काशी विद्यापीठ, पिंडरा आणि सेवापुरी असे जिल्ह्याचे आठ विकासखंड आहेत. शहराला लागून असलेली बरीच गावे आणि रामनगर अलीकडच्या वर्षांत नगर निगमात गेली, तेव्हा मृत्यूच्या वर्षी हद्द कोणाची होती हे पाहावे लागते. जिल्ह्याची सीमाही बदललेली आहे: भदोही 1994 मध्ये आणि चंदौली 1997 मध्ये वाराणसीतून वेगळे झाले. त्याआधीच्या कागदांवर या भागातील गावे वाराणसी जिल्ह्यातच दिसतील. 24 मे 1956 पूर्वीच्या सरकारी कागदांत शहर व जिल्हा ‘बनारस’ या नावाने येतात.

मृत्यू 21 दिवसांत कळवला तर शुल्क लागत नाही. 30 दिवसांपर्यंत विलंबशुल्क भरून नोंद होते, वर्षभरापर्यंत जिल्हा निबंधकाची लेखी परवानगी लागते. वर्ष उलटल्यावर पूर्वी प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्याचा आदेश आणावा लागे. 2023 च्या दुरुस्तीने, जी 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू आहे, हा अधिकार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे आला. नोंद आहे की नाही याचा शोध घेण्याचा अर्ज, कायद्याच्या शब्दांत, कोणीही करू शकतो. मात्र मिळणाऱ्या उताऱ्यात मृत्यूचे कारण दिले जात नाही. नोंद सापडली नाही तर ‘नोंद उपलब्ध नाही’ असे प्रमाणपत्र लेखी मागून घ्यावे. उशिराच्या नोंदीची सारी पुढची वाट त्या कागदावरून जाते.

खेड्यांतील मृत्यूंसाठी एक कागद विशेष मोलाचा आहे आणि महाराष्ट्रातून जाणाऱ्यांना तो सहसा ठाऊक नसतो. 1970 च्या नियमांनुसार उत्तर प्रदेशातील प्रत्येक ग्रामपंचायतीत ‘परिवार रजिस्टर’ असते. बोलण्यात त्याला ‘कुटुंब रजिस्टर’ म्हणतात. घरातील प्रत्येक माणूस त्यात असतो आणि कोणी वारला की तशी नोंद घेतली जाते. मृत्यूचा दाखला काढलाच नाही अशा कित्येक माणसांचा, विशेषतः स्त्रियांचा, मागमूस फक्त इथे लागतो, कारण ज्यांच्या नावावर जमीन नव्हती त्यांच्यासाठी दाखल्याची गरज कोणाला वाटली नाही. जमीनधारकांच्या बाबतीत लेखपालाकडील ‘वरासत’ पाहावी. आपल्याकडच्या वारस फेरफाराचेच हे काम. खतौनीवरील, म्हणजे जमिनीच्या खातेनोंदीवरील, वर्ष फसली असते: जुलै ते डिसेंबरसाठी त्यात 592 आणि जानेवारी ते जूनसाठी 593 मिळवले की इसवी सन येतो. महसुली कागदावरचा ‘मृत’ हा शब्द मात्र एकटा प्रमाण मानू नये. वाराणसीपासून दूर नसलेल्या आझमगढचे लाल बिहारी जिवंतपणी मृत नोंदवले गेले आणि 1994 पर्यंत स्वतःचे जिवंतपण सिद्ध करत राहिले. त्यांनी अशाच लोकांचा ‘मृतक संघ’ उभारला.

इंग्रजी अमदानीत गावचा चौकीदार जन्ममृत्यूची खबर ठाण्यावर देई आणि तिथून आकडे वर जात. आपल्याकडे विदर्भात कोतवाल बुकाने जे काम केले, तेच इथे चौकीदाराच्या खबरीने. ख्रिस्ती दफनांच्या नोंदी चर्चमध्ये होत आणि त्यांच्या प्रती बंगाल इलाख्यामार्फत लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत.

काशीवासी मराठी माणसांसाठी सरकारी दप्तरापेक्षा तीर्थपुरोहितांच्या वह्या कितीतरी मागे जातात. नाशिक-त्र्यंबकेश्वरी असतात तशाच त्या गावागणिक आणि कुळागणिक लावलेल्या असतात. त्यांत मृत्यूची तारीख क्वचितच सापडते. नातू आजोबांचे श्राद्ध करायला आला त्या वेळची नोंद सापडते. म्हणजे आजोबा त्याआधी गेले, इतके निश्चित होते. मुमूर्षूंसाठी 1958 मध्ये सुरू झालेल्या काशी लाभ मुक्ती भवनातही येणाऱ्यांची नोंद ठेवली जात आली आहे.

तिथी वाचताना मराठी शोधकाने सावध असावे. काशीत महिना पौर्णिमेला संपतो, महाराष्ट्रात अमावास्येला. शुक्ल पक्षात फरक पडत नाही, पण कृष्ण पक्षात काशीचा महिना एकाने पुढे असतो. आपली आश्विन वद्य त्रयोदशी, म्हणजे धनत्रयोदशी, तिकडे कार्तिक कृष्ण त्रयोदशी. संवतही विक्रम असतो, शक नव्हे, आणि दोहोंत 135 वर्षांचे अंतर. हे न पाहिल्यास पुण्यतिथी महिनाभराने चुकते. नावांचेही तसेच: हिंदी लेखनात ‘ळ’ नसल्याने काळे ‘काले’ होतात, विठ्ठलचे ‘विट्ठल’ होते, आणि मधले नाव ‘पुत्र’ किंवा ‘पत्नी’ या शब्दांनंतर जाते. दोन्ही रूपांनी शोधावे.

निधनवृत्तांसाठी पहिला आधार ‘आज’ हे हिंदी दैनिक, 5 सप्टेंबर 1920 रोजी शिवप्रसाद गुप्त यांनी काशीत काढलेले. त्याला नावारूपास आणणारे संपादक बाबूराव विष्णू पराडकर (1883–1955) काशीतच जन्मलेले मराठी गृहस्थ. मैदागिन भागातील पराडकर स्मृती भवन त्यांच्या नावाने आहे. जुन्या नियतकालिकांसाठी 1893 मध्ये स्थापन झालेल्या नागरी प्रचारिणी सभेचे आर्यभाषा पुस्तकालय पाहण्याजोगे आहे. पुष्कळ ‘शोक समाचार’ तेरवीचे निमंत्रण म्हणून छापलेले असतात, आणि त्यांतील ठळक तारीख तेरवीची असते. मृत्यूचा दिवस त्यातून साधारण बारा दिवस वजा करून काढायचा आणि दाखल्याशी ताडून घ्यायचा. महाराष्ट्रातून गेलेल्यांची बातमी मात्र अनेकदा मूळ गावाकडच्या मराठी वृत्तपत्रात आणि उशिरा आलेली असते, कारण ती तारेने किंवा पत्राने पोचे. तेव्हा मृत्यूनंतरच्या महिन्या-दीड महिन्याचे अंक चाळल्याशिवाय तो शोध सोडू नये.