प्रोस्टेटच्या त्रासाचे मोजमाप

उतारवयात मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली प्रोस्टेट ग्रंथी वाढते आणि लघवीचा मार्ग आवळला जातो. ही वाढ कर्करोगाची नसली तरी ती कितपत गंभीर मानावी, हे दीर्घकाळ मुख्यतः ग्रंथीच्या आकारावरून ठरवले जात होते. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील नोकरीनंतर लंडनला परतलेले शल्यचिकित्सक पीटर फ्रेयर डिसेंबर १९०० पासून मूत्राशय उघडून ही ग्रंथी काढू लागले, आणि त्यांच्या वृत्तांतांत काढलेल्या ग्रंथींची वजनेही नोंदलेली आढळतात. परंतु गुदद्वारातून बोटाने चाचपलेला आकार आणि रुग्णाला होणारा त्रास यांचा मेळ बसतोच असे नाही. मोठी ग्रंथी असूनही कुणाची तक्रार नसते, तर लहानशा ग्रंथीनेही कुणाची लघवी तुंबते.

१९५६ मध्ये स्वीडनच्या फॉन गारेल्ट्स यांनी लघवीच्या धारेचा वेग विद्युत उपकरणाने नोंदवण्याची पद्धत मांडली, तरीही धार मंद असण्याचे कारण मार्गातला अडथळा की मूत्राशयाच्या स्नायूंचा अशक्तपणा, हे केवळ त्या आकड्यावरून कळत नसे. १९७७ मध्ये बोयार्स्की व सहकाऱ्यांनी लक्षणांना गुण देणारी मोजपट्टी अमेरिकेत सुचवली. मात्र खरा पालट घडला तो १९९२ मध्ये, मायकेल बॅरी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनसाठी रुग्णाने स्वतःच भरावयाची प्रश्नावली सिद्ध केली तेव्हा. गेल्या महिनाभरात लघवी पुरती न झाल्यासारखे किती वेळा वाटले, धार तुटक येते का, लघवी रोखून धरणे जड जाते का, जोर करावा लागतो का, रात्री किती वेळा उठावे लागते, अशा सात प्रश्नांना प्रत्येकी शून्य ते पाच गुण असून बेरीज सातपर्यंत असल्यास त्रास सौम्य, आठ ते एकोणीस असल्यास मध्यम आणि वीस ते पस्तीस असल्यास तीव्र समजला जातो. आंतरराष्ट्रीय स्वरूपात याच प्रश्नावलीला आठवा प्रश्न जोडला गेला: लघवीची हीच अवस्था आयुष्यभर राहिली तर कसे वाटेल? त्याचे गुण बेरजेत धरत नाहीत, पण उपचाराचा निर्णय घेताना हेच उत्तर सर्वाधिक मोलाचे ठरावे, कारण रात्री तीनदा उठणे एकाला सहज चालते आणि दुसऱ्याची झोपच हिरावून घेते.

अशी प्रश्नावली रुग्णाला वाचता येते, हे मात्र त्यात गृहीत धरलेले होते. त्या अडचणीवर २०११ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील स्टेलेनबॉशच्या संशोधकांनी धारेचा जोर, दिवसाची व रात्रीची वारंवारता आणि चेहऱ्यावरचे समाधान वा त्रास चित्रांतून दाखवणारी मोजपट्टी प्रसिद्ध केली, ज्यामुळे अक्षरओळख नसलेल्या पुरुषालाही आपल्या दुखण्याची तीव्रता बोट ठेवून सांगता येऊ लागली.