गोठणारं इंजिन आणि नगरची शाळा

नगर जिल्ह्यात बसून इंजिन गोठण्याविषयी बोलायचं म्हणजे गंमतच. (आता अहिल्यानगर म्हणायला हवं, पण आमची जीभ अजून वळत नाही.) इथे थंडीची लाट आली की पारा पाच-सहा अंशांवर येतो, शेकोट्या पेटतात, विहिरीवरच्या ऑईल इंजिनातलं पाणी मात्र गोठत नाही. तरी हा विषय नगरचाच आहे. 1948 साली आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल इथे उभं राहिलं. तेव्हापासून रणगाड्यावरचा जवान इथे शिकतो आणि मग कधी राजस्थानच्या वाळूत, कधी लडाखच्या बर्फात जातो.

त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला जनरल थिमय्यांनी झोजी ला खिंडीत, साडेअकरा हजार फुटांवर, सातव्या लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे घातले. वाटेतल्या पुलांना वजन पेलणार नाही म्हणून वरचे तोफेचे घुमट उतरवून ते श्रीनगरला आणले होते. ही शौर्यकथा आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. पण ते रणगाडे पेट्रोलचे होते, हे फारसं कुणी सांगत नाही. डिझेलचं दुखणं वेगळं असतं.

रूडॉल्फ डिझेलच्या इंजिनात ठिणगी नाही. हवा इतकी दाबायची की ती तापते, आणि त्या तापावर इंधन पेटतं. सगळी भिस्त त्या उष्णतेवर. आता लोखंडच उणे तीस अंशांवर असेल, तर ते ही ऊब आधीच पिऊन टाकणार. त्यात लडाखची हवा विरळ. बॅटरीचा जोर निम्म्याहून कमी, वंगण काकवीसारखं घट्ट. डिझेलमध्ये मुळातच मेण असतं. ते वेगळं होऊन फिल्टर बंद करतं. म्हणजे ‘थंडी’ असं एकच नाव आपण घेतो, पण ती चार ठिकाणी चार तऱ्हांनी मारते. एका कार्याला एकच कारण शोधायची खोड आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना आहे. मेकॅनिकला ती परवडत नाही.

पाण्याचं तर विचारूच नका. गोठताना ते सुमारे 9 टक्के फुगतं. बिडाचा ब्लॉक फुगत नाही, तडकतो. उत्तर युरोपात शिडाच्या होड्या बाळगणारे लोक हिवाळ्याआधी होडीच्या डिझेल इंजिनातलं पाणी काढतात, तेल बदलतात, ते याच धास्तीनं. पण होडी वसंतापर्यंत झोपणार असते. रणगाड्याला रात्री दोन वाजताही उठावं लागतं. म्हणून पाण्यात एथिलीन ग्लायकॉल घालायचं. इथे बघा, पाणी शून्याला गोठतं, नुसतं ग्लायकॉल उणे तेराच्या आसपास. दोन्ही निम्मं-निम्मं मिसळलं की उणे 35च्याही खाली टिकतं. जास्त ओतलं म्हणजे जास्त सुरक्षित, हा हिशेब चुकतो.

लडाखमध्ये ट्रकवाले डिझेलमध्ये रॉकेल मिसळून किंवा टाकीखाली जाळ करून भागवत आले. उणे 33 अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल इंडियन ऑइलनं तिथे आणलं ते नोव्हेंबर 2019 मध्ये. पुढच्याच हिवाळ्यात पूर्व लडाखात टी-72 आणि टी-90 मुक्कामाला होते. तिथे इंजिन रात्रीतून मधूनमधून चालू करून गरम ठेवावं लागतं. उबेतून उठून ते काम करणारा जवान कोणत्याही युद्धाच्या इतिहासात येत नाही, कारण त्या रात्री काहीच ‘घडलेलं’ नसतं. आमच्या मते तोही इतिहासच आहे. त्याची नोंद ठेवायची कशी, हा मात्र अवघड प्रश्न.

नगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये, जे 1994 साली सुरू झालं, लोक तोफेसमोर फोटो काढतात. तिथे ब्रिटिश बनावटीचा माटिल्डा आहे. त्याच्या पोटात दोन डिझेल इंजिनं शेजारी-शेजारी बसवत. याच जातीचे रणगाडे ब्रिटननं 1941 मध्ये रशियाला धाडले आणि ते मॉस्कोच्या हिवाळ्यात लढले. तिकडे गेलात तर जरा मागच्या बाजूला जाऊन बघा.