लहान एसयूव्हीतील ऑल व्हील ड्राइव्ह: घसरणारे चाक सावरते कसे?

म्हैसूरहून हुणसूर, कुशालनगरमार्गे मडिकेरीकडे जाणारा रस्ता बराच काळ सपाट असतो. कोडगूच्या डोंगरांत शिरल्यावर, विशेषतः पावसाळ्यात, त्याचे रूप पालटते. मुख्य रस्ता डांबरी असला तरी कॉफीच्या मळ्यांकडे चढणाऱ्या कच्च्या वाटांवर चिखल आणि कुजलेला पाला असतो. तेथे मोटारीचे एक चाक जागीच फिरू लागते आणि इंजिनात ताकद असूनही गाडी पुढे सरकत नाही.

याला कारण डिफरन्शियल. वळणावर बाहेरच्या चाकास अधिक अंतर कापावे लागते, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी ही रचना आवश्यक असते. मात्र साधे डिफरन्शियल दोन्ही चाकांना बल सारखेच देते. चिखलातील चाक जमिनीवर 50 एककांचेच बल टेकवू शकत असेल, तर कोरड्या खडकावरील दुसऱ्या चाकाच्या वाट्यालाही 50 एककेच येतात. उरलेली ताकद वापरताच येत नाही.

ऑल व्हील ड्राइव्ह म्हणजे चारही चाकांना सदैव समान ओढ, हा समज लहान एसयूव्हींच्या बाबतीत बहुधा चुकीचा ठरतो. यातील बहुतेक गाड्या एरवी पुढच्या चाकांवर चालतात. मागील आसाजवळ क्लचसारख्या पट्ट्यांचा एक जोड असतो. तो आवळला की ताकद मागे जाते. हा जोड कधी, किती आणि किती वेळ आवळला जातो, यावर गाडीचा स्वभाव ठरतो.

होंडा सीआर-व्हीच्या 2000च्या दशकातील पिढ्यांत हे काम दोन तेलपंप करीत. पुढील व मागील चाकांच्या गतीत फरक पडला, की तेलाचा दाब वाढून जोड आवळला जाई. म्हणजे मदत येण्यापूर्वी चाक घसरणे अपरिहार्य होते. भारतात 2014 मध्ये आलेल्या रेनॉ डस्टर ऑल व्हील ड्राइव्हमध्ये विद्युतचुंबकीय जोड होता आणि टूडब्ल्यूडी, ऑटो व लॉक असे तीन पर्याय चालकाच्या हाती होते.

म्हैसूर-बंगळूर रस्त्यावरील बिडदी येथे, टोयोटा किर्लोस्कर मोटरच्या कारखान्यात, 2022 मध्ये मारुती सुझुकी ग्रँड व्हिटारा आणि टोयोटा अर्बन क्रूझर हायरायडर या भगिनी गाड्या तयार होऊ लागल्या. त्यांच्या ऑल व्हील ड्राइव्ह प्रकारांत ऑटो, स्पोर्ट, स्नो आणि लॉक असे पर्याय मिळतात. ऑटोमध्ये इंधनबचतीला प्राधान्य असून घसरण जाणवल्यावर ताकद मागे जाते. लॉकमध्ये ती सातत्याने मागे पाठवली जाते. चिखलाच्या चढाला लागण्यापूर्वीच लॉक निवडणे श्रेयस्कर. गाडी रुतल्यावर कळ फिरवणाऱ्यांची संख्या मात्र नेहमीच मोठी असते.

पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे 2017 पासून तयार होणाऱ्या जीप कंपासच्या चारचाकी चालना असलेल्या प्रकारांतही गरज नसताना मागील आस वेगळा ठेवला जातो. तिच्यात बर्फ, वाळू व चिखल यांसाठी निरनिराळे पर्याय देण्यात आले. वाळूत गती टिकण्यासाठी चाकांना थोडे फिरू द्यावे लागते, निसरड्या बर्फावर ते रोखावे लागते. सगळी घसरण शत्रू नव्हे.

मारुती जिम्नी (2023) या सर्वांहून निराळी. तिच्यात चालक दांडा ओढून पुढचा व मागचा आस यांत्रिकरीत्या जोडतो. जोड आवळण्याची वाट पाहावी लागत नाही आणि लो गिअरही मिळतो. मात्र कोरड्या डांबरावर ही जोडणी ठेवल्यास वळताना यंत्रणेवर ताण येतो, म्हणून ती तेथे सोडवावी लागते.

खरी कसोटी तिरप्या घसरणीची असते. पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक एकाच वेळी अधांतरी आले, तर केवळ पुढे-मागे ताकद वाटून भागत नाही. दोन्ही आसांवर तीच ताकद मोकळ्या चाकांत वाया जाते. येथे ब्रेक मदतीला येतात. एबीएससाठी बसविलेले संवेदक मोकळे चाक ओळखतात, संगणक तेवढ्याच चाकाला ब्रेक लावतो आणि त्या कृत्रिम विरोधामुळे समोरच्या चाकाला बल मिळते. जिम्नीतही आसांची डिफरन्शियल साधीच असल्याने हाच उपाय योजला आहे. तिचे अखंड आस चाकांना अधिक वरखाली होऊ देतात, त्यामुळे चाक अधांतरी येण्याची वेळ तुलनेने उशिरा येते.

या उपायाला मर्यादा आहे. ब्रेक आणि जोड दोन्ही तापतात. दीर्घकाळ चाके फिरवीत राहिल्यास अनेक यंत्रणा स्वसंरक्षणार्थ मागील आसाची ताकद कमी करतात किंवा तोडतात, आणि गाडी ऐन चढावर पुन्हा दोन चाकांची होते. अशा वेळी अॅक्सिलरेटर दाबत राहण्यापेक्षा थांबून जोड थंड होऊ देणे उपयोगी पडते.

उतारावर चित्र बदलते. मडिकेरीहून संपाजे घाट उतरताना ऑल व्हील ड्राइव्ह थांबण्याचे अंतर कमी करीत नाही. ब्रेक सर्वच मोटारींना चारही चाकांना असतात आणि पकड शेवटी टायरचीच. चढावर सहज निघालेली गाडी रस्ता किती निसरडा आहे हे चालकाला कळूच देत नाही, हा धोका अधिक गंभीर आहे.

टायरचा संबंध आणखी एका कारणाने येतो. तीन झिजलेले व एक नवा टायर असल्यास चाकांचे व्यास भिन्न होतात. त्यास यंत्रणा घसरण समजू शकते आणि जोडावर अकारण ताण येतो. बंद पडलेली अशी गाडी दोन चाके उचलून ओढत नेल्यासही जोडाची हानी होऊ शकते. ती चारही चाके वर घेणाऱ्या वाहनावरूनच नेणे सुरक्षित असते.