घरातला दिवा आणि घराबाहेरची आज्ञा

ई. एम. फोर्स्टर ह्यांची ‘द मशीन स्टॉप्स’ (१९०९) आणि रे ब्रॅडबरी ह्यांची ‘देअर विल कम सॉफ्ट रेन्स’ (१९५०) ह्या दोन कथा यंत्रयुगावरील टीका म्हणून अनेकदा एकाच दावणीला बांधल्या जातात. हे मला पटत नाही. फोर्स्टरच्या कथेत प्रत्येक खोलीतला प्रकाश, हवा, संगीत हे सारे एका सर्वव्यापी यंत्राच्या कृपेवर चालते. ते बंद पडताच सगळे संपते. ब्रॅडबरीचे घर मात्र धनी अणुस्फोटात नष्ट झाल्यावरही न्याहारी रांधत राहते, कारण त्याला चालवणारी आज्ञा त्याच्या भिंतींच्या आतच आहे. आज्ञेचे ठिकाण कोणते, हा प्रश्न घेऊन गेल्या पन्नास वर्षांतील गृहयंत्रांकडे पाहिले, तर त्यांचा प्रवास ब्रॅडबरीकडून फोर्स्टरकडे झालेला दिसतो.

स्कॉटलंडमधील पिको इलेक्ट्रॉनिक्सने १९७५ मध्ये विकसित केलेली ‘एक्स-टेन’ ही पद्धत घराच्या विजेच्या तारांतूनच संदेश पाठवी. सोळा गृहसंकेत, प्रत्येकात सोळा उपकरणे, म्हणजे एकूण २५६ पत्ते. तिच्या अडचणीही घरगुतीच होत्या. अमेरिकी घरांत वीज दोन शाखांतून येते. स्विच एका शाखेवर आणि दिवा दुसऱ्या शाखेवर असला की संदेश वाटेत क्षीण होई. मग विजेची मोठी शेगडी चालू केली की दिवा ऐकू लागे, कारण ती शेगडी दोन्ही शाखांना जोडलेली असे! शेजाऱ्याचा ट्रान्सफॉर्मर आणि गृहसंकेत तोच असेल, तर त्याच्या घरातून आपला दिवा विझे. आज्ञा घराबाहेर गेलीच तर फार तर शेजारी जाई.

पुढे इंटरनेट आले आणि आज्ञा दूरच्या सर्व्हरवर राहायला गेली. सुमारे ३०० डॉलरचे ‘रिव्हॉल्व्ह’ हे उपकरण बनवणारी कंपनी २०१४ मध्ये ‘नेस्ट’ने विकत घेतली आणि मे २०१६ मध्ये त्याची सेवा बंद केली. पेटीतले रेडिओ शाबूत होते. तरीही पेटी निरुपयोगी झाली. एप्रिल २०२२ मध्ये ‘इन्स्टिऑन’चे सर्व्हर पूर्वसूचनेविना बंद पडले. तिथे मात्र एकमेकांशी थेट जोडलेले स्विच आणि दिवे चालत राहिले. त्याच वर्षी जूनमध्ये काही ग्राहकांनीच ती कंपनी विकत घेतली. ग्राहकाला आपला दिवा आपल्या हाती राहावा म्हणून कंपनी विकत घ्यावी लागावी, ह्यावर फोर्स्टरने काय लिहिले असते कोण जाणे.

आज्ञा पुन्हा घरात आणू पाहणाऱ्यांची वाट आजही सरळ नाही. ‘तुया’ ह्या चिनी कंपनीच्या व्यवस्थेवर अनेक ब्रँडांचे बल्ब चालतात. असा बल्ब घरातल्या जाळ्यावरून चालवायचा तर त्याची ‘लोकल की’ लागते, आणि ती मिळवण्याचा रूढ मार्ग म्हणजे त्याच कंपनीच्या क्लाउडवर खाते उघडणे. घर सोडण्याची परवानगी घरमालकाकडे मागावी हे समजते. आपल्याच घरात शिरण्यासाठी परक्याकडे किल्ली मागायची, हा प्रकार नवा आहे. बल्ब पुन्हा नव्याने जोडला की ही किल्ली बदलते. सुरक्षिततेसाठी उपकरणांना वेगळ्या उपजाळ्यात ठेवले, तर त्यांची ओळख देणारी हाक सहसा ते कुंपण ओलांडत नाही, आणि फोनला दिवा सापडत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या ‘मॅटर’ ह्या सामायिक मानकाने स्थानिक नियंत्रणाला मान्यता दिली खरी. परंतु घरोघरी आधीच बसलेल्या असंख्य बल्बांना ते लागू होत नाही.

पॉलस स्खाउटेन ह्यांनी २०१३ मध्ये सुरू केलेली ‘होम असिस्टंट’ ही मुक्त प्रणाली उपकरणांच्या जोडणीची वर्गवारी करताना ती स्थानिक की क्लाउडची, हे स्पष्ट नोंदवते. त्यातला एक वर्ग भाषेच्या अभ्यासकाने पाहावा असा आहे : ‘गृहीत अवस्था’. (पारंपरिक व्युत्पत्तीनुसार ‘गृह’ आणि ‘गृहीत’ हे दोन्ही शब्द ‘ग्रह्’ ह्याच धातूचे.) जुन्या एक्स-टेनसारखी जी उपकरणे आज्ञा ऐकतात पण उत्तर देत नाहीत, ती ह्या वर्गात येतात. अशा दिव्यासाठी पडद्यावर सरकता स्विच दिसत नाही. ‘चालू’ आणि ‘बंद’ अशी दोन वेगळी चिन्हे शेजारी शेजारी दिसतात, कारण दिवा खरोखर लागला की नाही, हे संगणकाला कोणीच सांगितलेले नसते.