सहा बिंदूंची लिपी

एखादे राष्ट्र आपल्या अपंग नागरिकांना दयेचे धनी मानते की हक्काचे, हे त्याच्या दानधर्मावरून कळत नाही. ते त्याच्या शाळा, कचेऱ्या आणि कायदे यांवरून कळते. या दृष्टीने भारतातील अंधांच्या लिपीचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

१८८७ साली ॲनी शार्प या मिशनरी बाईंनी अमृतसर येथे अंधांसाठी शाळा काढली. पुढे इतर प्रांतांतही अशा शाळा निघाल्या. परंतु लुई ब्रेलच्या सहा बिंदूंना ठिकठिकाणी निरनिराळे अर्थ दिले गेले. परिणामी एका शाळेचे पुस्तक दुसरीत निरुपयोगी ठरे. दृष्टी नाही ती नाहीच, वर ज्ञानही प्रांतोप्रांती कोंडलेले, अशी ही दुहेरी वंचना होती.

स्वातंत्र्यानंतर, १९५१ साली, हा गुंता सुटला आणि 'भारती ब्रेल' ही समान लिपी सिद्ध झाली. तीत मराठी, बंगाली आणि तमिळ या तिन्ही भाषांतील 'क' पहिल्या व तिसऱ्या बिंदूंनीच लिहिला जातो. काना, मात्रा, वेलांटी अक्षराच्या अवतीभवती बसत नाहीत. उच्चाराच्या क्रमाने व्यंजनामागून स्वर येतो. डोळसांच्या लिपींना जे ऐक्य साधले नाही, ते बोटांनी वाचणाऱ्यांच्या लिपीला साधले. त्याच वर्षी डेहराडून येथे ब्रेल मुद्रणालयही सुरू झाले.

परंतु वाचता येणे निराळे आणि त्या विद्येवर पोट भरता येणे निराळे. १९९५ च्या कायद्याने अपंगांसाठी सरकारी नोकऱ्यांत किमान ३ टक्के जागा राखल्या. तथापि, त्या एकूण जागांवर मोजायच्या की अपंगांना योग्य ठरवलेल्या मोजक्या जागांवर, असा वाद निघाला. अखेर अंधांच्या संघटनेचा लढा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१३ साली 'एकूण जागांवर' असा निर्णय मिळाला. २०१६ च्या कायद्याने हे प्रमाण ४ टक्क्यांवर नेले आणि अपंगत्वाचे मान्य प्रकार ७ वरून २१ केले.

मार्च २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने आणखी एक दार उघडले: केवळ दृष्टी नाही म्हणून कोणालाही न्यायाधीशपदाच्या भरतीतून वगळता येणार नाही. न्यायदेवतेच्या डोळ्यांवर पट्टी बांधून तिला वंदन करणाऱ्या समाजाला, अंध माणूसही न्याय देऊ शकतो हे मान्य करावयास इतका काळ लागला. लिपी १९५१ सालीच मान्य झाली. माणूस मान्य होण्यास पाऊणशे वर्षे पुरली नाहीत, हेच या इतिहासाचे सार होय.