अंगणात आलेली शाळा

पनवेलजवळच्या सुकापुरात ‘अंगणवाडी’ शब्दाचा अर्थ कुणास सांगावा लागत नाही. त्यामागील तपश्चर्या मात्र विस्मरणात गेली आहे. मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोमच्या श्रमिक वस्तीत बालगृह उघडले. पुढे त्यांची पद्धत आपल्याकडे आली, पण तिची साधने खेड्याला परवडणारी नव्हती. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र स्थापिले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. वंचितांची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. शिंपले, बिया, पाने हीच साधने झाली. १९७५ च्या एकात्मिक बालविकास योजनेने ‘अंगणवाडी’ देशभर नेली. तेथे पोषक आहारासोबत मुलाला जाणून घेणारी दृष्टीही नांदली, तरच तो वारसा सार्थ होईल.