तळटीप : एकसर

एकसर : बोरिवली पश्चिमेचे जुने गाव. आज इमारतींनी वेढलेल्या या गावाला मूळ लेखकाने ‘समुद्राशी नाते असलेले’ म्हटले आहे, ते अतिशयोक्त वाटेल. पण पुरावा गावातच उभा आहे. ठाणे जिल्ह्याच्या १८८२च्या गॅझेटिअरने येथील वीरगळांची, म्हणजे वीरांच्या स्मारकशिळांची, सविस्तर नोंद केली. त्यांतील काहींवर जमिनीवरचे हत्तींसह युद्ध आहे, तर काहींवर डोलकाठ्यांची गलबते एका ओळीत पुढे सरकताना दिसतात. वल्ही मारणाऱ्यांची रांगसुद्धा शिल्पकाराने सोडलेली नाही. वरच्या पट्ट्यांत वीर स्वर्गाला जातो, शिवलिंगाची पूजा करतो, आणि माथ्यावर कलश आहे.

शिलाहार सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव महादेव यांच्या १२६५च्या सुमारास झालेल्या आरमारी लढाईशी हे दगड जोडले जातात. दगडांवरचे लेख झिजले असल्याने हे निर्विवाद म्हणता येत नाही. काही अभ्यासक माळव्याच्या भोजाच्या कोकण-स्वारीकडे, म्हणजे अकराव्या शतकाकडे बोट दाखवतात. अरुंद खाडीत एवढी लढाई कशी होईल, असाही आक्षेप आहे. पण वीरगळ रणभूमीवरच उभारतात असे नाही, तो वीराच्या गावीही उभा राहतो. तेव्हा लढाई कुठेही झालेली असो, गोराई खाडीजवळच्या या गावाला दर्यावर पडलेली माणसे आपली वाटत होती, एवढे या दगडांवरून मानावे लागते.